मालवण-सिंधुदुर्गात मासे आणि मालवणी जेवण: सारखे विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी, ख्रिसमस, मे महिना जवळ आला की ओळखीच्यांचे मेसेज सुरू होतात, आणि नव्वद टक्के प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. टॉप टेन हॉटेलांची यादी हवी असेल तर इथे मिळणार नाही. सिंधुदुर्ग जिल्हा, त्यातही मालवण-तारकर्ली-देवबाग, वेंगुर्ला, देवगड, कुडाळ, सावंतवाडी एवढाच पट्टा धरलाय, रत्नागिरी आणि गोवा जिथे संबंध आला तिथेच.

१. पहिल्यांदाच मालवणला येतोय, जेवायचं नेमकं कुठे?

तीन पर्याय आहेत. गावातली खानावळ, होमस्टेवाल्यांच्या घरचं जेवण आणि मोठं फॅमिली रेस्टॉरंट. मालवण शहरात चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावं सगळ्यांनाच माहीत आहेत, सावंतवाडीत भालेकरांची खानावळ तशीच जुनी आणि नावाजलेली, तिथे गेलात तर चुकलात असं कोणी म्हणणार नाही, फक्त सुट्टीत उभं राहायची तयारी ठेवा. पण मला विचाराल तर दुपारी खानावळ आणि रात्री होमस्टे, हे गणित सगळ्यात बरं बसतं. तारकर्ली आणि देवबागला जवळजवळ प्रत्येक वाडीत राहायची सोय आहे आणि घरातली बाईच जेवण करते, तिला सकाळी नाश्त्याच्या वेळी सांगितलंत की ती बाजारातून किंवा शेजारच्या होडीवाल्याकडून मासे आणून ठेवते. संध्याकाळी सात वाजता "आज कायतरी फिश करा ना" म्हटलंत तर फ्रीजमध्ये जे असेल तेच ताटात येणार, तिचा त्यात काही दोष नाही.

२. खानावळ चांगली आहे की नाही हे बाहेरून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. साडेबारा ते दीडच्या मध्ये डोकवा, आत बँकेतले, तहसील कचेरीतले, एसटीचे लोक जेवत असतील तर बिनधास्त बसा, कारण ही माणसं रोज तिथे येतात आणि शिळं मिळालं तर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बोर्डावर खडूने चार-पाच माशांची नावं लिहिलेली असतील आणि त्यातली दोन पुसलेली असतील तर फारच उत्तम, म्हणजे संपलं की संपलं. लॅमिनेट केलेलं बारा पानांचं मेनूकार्ड, त्यात पनीर टिक्का, हक्का नूडल्स आणि वर्षभर सगळे मासे, असं दिसलं की मला शंका येते. गाड्यांची गर्दी किती आहे यावर जाऊ नका, टूर बसवाले आधीच ठरलेल्या ठिकाणी थांबतात.

आणि वेळ पाळा हो. अडीचनंतर चांगल्या खानावळीत बरंचसं संपलेलं असतं, रात्री साडेनऊनंतर तर गावच झोपलेलं असतं.

३. फिश थाळीत काय काय येतं? रेट किती?

एक तळलेला तुकडा (किंवा छोटा मासा असेल तर अख्खा), माशाची आमटी, भात, चपाती किंवा तांदळाची भाकरी, बाजूला सुक्या जवळ्याचं किंवा कोळंबीचं काहीतरी, कांदा-लिंबू आणि सोलकढी. काही ठिकाणी वडे घ्यायचा ऑप्शन असतो.

रेट माशावर ठरतो, म्हणून बांगडा थाळी आणि पापलेट थाळीच्या किमतीत दुपटीचा फरक असू शकतो आणि तो बाजारभावानुसार बदलत राहतो. मी आकडा लिहीत नाही कारण तुम्ही येईपर्यंत तो जुना झालेला असेल. बसल्या बसल्या दोन गोष्टी विचारून घ्या: आजचा रेट काय, आणि परत काय काय मिळतं. भात आणि आमटी बहुतेक ठिकाणी परत वाढतात, तुकडा आणि सोलकढीचे वेगळे पैसे पडतात. बिलाच्या वेळी होणारे निम्मे वाद याच्यावरूनच होतात.

४. मालवणला आलोय तर सुरमई नाहीतर पापलेटच मागवायचं ना?

याच प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर.

सुरमई आणि पापलेट तुम्हाला मुंबईत, पुण्यात, नागपुरातसुद्धा मिळतं, आणि प्रत्येक पर्यटक तेच मागतो म्हणून हॉटेलवाल्याला ते रोज ठेवावंच लागतं, मग त्या दिवशी समुद्रात मिळो न मिळो. त्यामुळे गर्दीच्या दिवसांत फ्रीझरमधून निघणारा मासा बहुतेक वेळा हाच असतो. मोठी आणि महाग मासळी बंदरावरच व्यापारी उचलतात आणि ती गोव्याला, मुंबईला, एक्सपोर्टला निघून जाते. गावात राहतात ते बांगडे, तारल्या, पेडवे, सौंदाळे, लेपे, मुडदुशे, शेवटे, आणि खरं सांगू का, इथली माणसं घरी तेच खातात आणि त्यात त्यांचं काही अडत नाही.

म्हणून ऑर्डर देताना "सुरमई आहे का?" असं विचारूच नका, त्याचं उत्तर कायम "आहे" असंच येणार. विचारायचं की आज काय गावलं. मालवणीत विचारलंत, "आज म्हावरां काय गावलां?", तर वाढणारा आधी हसेल आणि मग खरं काय ते सांगेल. तो मुडदुशे म्हणाला तर मुडदुशे घ्या, रव्यात घोळवून तळलेले, काटा मधोमध एकच आणि मांस एकदम नाजूक. सौंदाळे तळलेले घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांगडा असेल तर तळलेला एक आणि तिखल्यातला (घट्ट तिखट रश्शातला) एक असे दोन्ही घ्या, तिखल्यात तिरफळं (उग्र वासाचा मसाला) असतात ती चावायची नाहीत, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. पेडव्यांचं सुकं भाकरीबरोबर.

सुरमई वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. त्याच दिवशी आलेली असेल तर ती खावीच. फक्त तेवढं विचारून.

५. कुठल्या महिन्यात यावं?

माशांसाठी यायचं तर सप्टेंबर अखेर ते फेब्रुवारी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पुन्हा बाहेर पडतात, पण ऑगस्टमध्ये समुद्र बराच खवळलेला असतो, त्यामुळे खरी आवक थोडी पुढेच. पावसानंतरचे बांगडे गुबगुबीत असतात.

मार्च ते मे मासे असतात पण उकाडा प्रचंड, आणि मेमध्ये गर्दीमुळे भाव चढलेले. पण मेमध्ये हापूस, फणस, जांभळं, करवंदं, ओले काजूगर संपता संपता, त्यामुळे फक्त माशांचा हट्ट नसेल तर मे वाईट नाही. २४ डिसेंबर ते १ जानेवारी टाळता आलं तर टाळा. तेव्हा मासळीच्या मानाने खाणारे इतके जास्त असतात, की फ्रीझर उघडतात.

६. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते म्हणे, मग मासे मिळणारच नाहीत?

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि वर हवामान धोक्याचं. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे, म्हणून खाडीतलं थोडंफार येत राहतं: कोळंबी, शेवटे, कुर्ल्या (खेकडे). बाकी जी सुरमई-पापलेट तुमच्या ताटात येते ती साठवणीतली किंवा बाहेरून आलेली असते हे धरून चाला. काही हॉटेलवाले ते सरळ सांगतात, अशा हॉटेलात मी परत जातो.

पण पावसाळ्यात कोकणात माणूस सुक्या मासळीवर जगतो आणि ते जेवण हॉटेलात सहसा मिळत नाही, होमस्टेवालीला मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं. कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, बरोबर चुलीत भाजलेला सुका बांगडा. सुकटीची किस्मूर, म्हणजे भाजलेली सुकट, ओलं खोबरं, कांदा, मिरची, कोकम हाताने कुस्करलेलं. बाहेर पाऊस कोसळत असताना हे ताट समोर आलं की ताज्या माशाची आठवणही येत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या आणि नशीब असेल तर अळंबी, हेसुद्धा तेव्हाच.

पहिल्या पावसात ओढ्यातून चढणीचे मासे पकडायची इथे मोठी हौस, पण ते अंडी घालायला वर चढत असतात, म्हणून मी स्वतः मागवत नाही. तुमचं तुम्ही ठरवा. आणि हो, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कुबा वगैरे बंद असतं, फक्त खायला आणि पाऊस बघायलाच यायचं.

७. मालवणी आणि गोव्याचं जेवण एकच ना? चव सारखीच लागते.

शेजारी आहेत, त्यामुळे खोबरं, कोकम, तिरफळ दोन्हीकडे. वेंगुर्ला-शिरोड्याकडे गेलात तर चव हळूहळू गोव्याकडे झुकते, सीमा कुठे ते जिभेला कळतही नाही. गोव्यातल्या ख्रिश्चन घरांतलं व्हिनेगरचं जेवण मात्र पूर्ण वेगळं प्रकरण.

लोकांचा एक गैरसमज मात्र पक्का बसलाय, की मालवणी म्हणजे लालभडक, गरम मसाल्याची, दाट ग्रेव्ही. घरातली रोजची माशाची आमटी तशी नसते. त्यात ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, थोडी हळद बारीक वाटून लावतात, आंबटाला कोकम किंवा चिंच, संपलं. तेलाची फोडणीसुद्धा कित्येक घरात नसते, वरून कच्चं खोबरेल सोडतात किंवा तेही नाही. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि मालवणी मसाला जातो तो कोंबडी-मटणाच्या सागोतीत, मोरीत (छोट्या शार्कमध्ये), कुर्ल्यांत, तिसऱ्यांत (शिंपल्यांत). हॉटेलात मात्र एकच मोठं पातेलं लाल ग्रेव्हीचं करून ठेवतात आणि त्यात सुरमई टाकली की सुरमई करी, कोळंबी टाकली की कोळंबी करी. ज्या खानावळीत माशाच्या आणि कोंबडीच्या रश्शाचा रंग वेगळा दिसतो, तिथल्या बाईला जेवण करता येतं.

८. तिखट झेपत नाही, लहान मुलंही बरोबर आहेत. काय मागवू?

तळलेला मासा मसाला कमी लावून करून मिळतो, आधी सांगा. आमटीऐवजी सोलकढी-भात मुलं आवडीने खातात. नाश्त्याला घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, किंवा शिरवाळे (तांदळाच्या शेवया), यात तिखटाचा प्रश्नच नाही. काट्यांचं प्रश्न ९ मध्ये.

९. काट्यांची भीती वाटते. कुठले मासे सोपे?

मोरी सगळ्यात सोपी, तिला मधला कणा सोडला तर काटेच नाहीत, आणि ती मटणासारखी भाजलेल्या वाटपात करतात. सुरमईच्या तुकड्यात मधलाच काटा. लेपे चपटे, कुरकुरीत तळले की कडेचे काटे सहज सुटतात. कोळंबी, अर्थातच. बांगडा शिकायला हवा पण अवघड नाही, पाठीकडून बोट घालून वरचा भाग अख्खा सोडवायचा. कर्लीच्या वाटेला मात्र पहिल्या दिवशी जाऊ नका, चवीला अप्रतिम पण बारीक काटे इतके की इथल्या माणसांनासुद्धा गप्प बसून खावी लागते.

१०. स्वतः मासे विकत घेऊन कुठे करून मिळतील का?

मिळतात, बरेच होमस्टेवाले करून देतात, पण आधी विचारून मग घ्या, आणि करणावळ किती ते ठरवून घ्या. खानावळीत मासे घेऊन जाऊन "हे करून द्या" म्हणणं बरोबर दिसत नाही.

मालवणच्या बंदरावर आणि बाजारात घ्या, सर्जेकोट जवळच आहे, तिकडेही होड्या लागतात. देवगड आणि वेंगुर्ल्यालाही बंदरावर मासळी उतरते. लिलाव चालू असेल तर मध्ये घुसून एका सुरमईचा भाव करू नका, तिथे टोपली आणि ढिगाऱ्याचा सौदा होतो, किरकोळ बाजूला मासेवाल्या बायका बसतात त्यांच्याकडून घ्या, साफ करून तुकडे पण करून देतात. घासाघीस थोडी चालते पण मॉलमध्ये एमआरपी देऊन इथे पन्नास रुपयांसाठी भांडणारे बघितले की मलाच लाज वाटते.

ताजा कसा ओळखायचा: डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले उघडले की लाल, बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरतो, आणि वास समुद्राचा, माशाचा नाही. कल्ले तपकिरी आणि डोळे आत गेलेले असतील तर भाव कितीही कमी सांगितला तरी पुढे चला. तुकडे केलेली सुरमई ठेवली असेल तर कल्ले बघायला मिळणारच नाहीत, म्हणून अख्खा मासा समोर कापून घ्या.

मोठा लिलावच बघायची इच्छा असेल तर दापोलीजवळ हर्णैचा बघा, तो रत्नागिरी जिल्ह्यात येतो, त्यासाठी वाट बरीच वाकडी करावी लागेल.

११. रापण म्हणजे काय, बघायला मिळेल का?

होडीने मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येतात आणि मग त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसं मिळून ओढतात, ती रापण. मालवण, तारकर्ली, देवबाग, तळाशील-तोंडवळी या भागात अजून आहे. वेळापत्रक नसतं, मासा दिसला की लागते. दिसली तर दोर ओढायला हात लावा, कोणी नको म्हणत नाही, आणि जाळं बाहेर आलं की तिथेच थोडे मासे विकत मागा, यापेक्षा ताजं कुठेच नाही.

पर्ससीन (मासळीचा थवा घेरून खालून आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी लाईट लावून होणाऱ्या मासेमारीमुळे या रापणकरांचं बरंच नुकसान झालंय. राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आणले, एलईडीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी समुद्रात भांडणं चालूच असतात. स्थानिक माणसाबरोबर गप्पा मारायला बसलात तर अर्धा तास याच्यावरच जाणार.

१२. कुर्ल्या, तिसऱ्या, कालवं खायची आहेत, काही सांभाळायचं का?

कुर्ली घेताना हातात उचलून बघा, आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. अमावास्येच्या आसपास भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ, असं इथे सगळेच मानतात आणि मासेवाली स्वतःच सांगते, "आज घेऊ नका". जिवंतच घ्यायच्या.

तिसऱ्या आणि कालवं खाडीतली. तिसऱ्यांचं सुकं, भरपूर खोबरं घालून, माझ्या मते मालवणी जेवणातला सगळ्यात वरचा पदार्थ. शिजल्यावर ज्या शिंपल्या उघडल्या नाहीत त्या जबरदस्तीने उघडून खाऊ नका, टाका. पावसात खाडीला गढूळ पाणी येतं तेव्हा मी हे दोन्ही टाळतो. दाताखाली वाळू लागली तर नीट धुतलेलं नाही, परत पाठवा, लाजू नका.

१३. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उलट मजेत राहाल, फक्त मेनूकार्डवर शोधू नका. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे किंवा आंबोळी, ओल्या काजूगरांची उसळ (फेब्रुवारी ते एप्रिल), फणसाची भाजी, अळूचं फतफतं, कुळथाची पिठी, केळफूल, वर तवसाचं धोंडस (मोठ्या काकडीचा गोड केक). हे सगळं घरगुती, आदल्या दिवशी सांगून करून घ्यायचं. हॉटेलात व्हेज थाळी मागितली की बऱ्याचदा पनीर आणि पिवळी डाळ येते, तो पैसा वाया.

कडक पाळणाऱ्यांसाठी एक अडचण: तवा आणि तेल एकच असतं बऱ्याच ठिकाणी. वडे वेगळ्या तेलात तळता का, भाजीत सुकट घालता का, हे स्पष्ट विचारा. वांग्यात, भेंड्यात, कशातही मूठभर सुकट टाकायची सवय आहे इथे आणि कित्येकांच्या मनात ती मांसाहारात मोजलीच जात नाही.

१४. आम्ही सोमवारी पोचतोय आणि म्हणे काहीच मिळत नाही?

सगळंच बंद नसतं, पण सोमवारी आणि संकष्टी-एकादशीला बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, काही घरांत गुरुवारी किंवा शनिवारीही नाही. त्यामुळे छोट्या खानावळी बंद असू शकतात आणि होमस्टेवाली "आज आमच्याकडे नाही होणार" म्हणेल, तेव्हा तिला आग्रह करू नका. रेस्टॉरंट चालू असतात. तसा दिवस आला तर सरळ प्रश्न १३ मधलं जेवा.

श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी असंच. गणपतीत तर येऊच नका असं मी म्हणेन, म्हणजे माशांसाठी. अख्खा जिल्हा घरच्या गणपतीत गुंतलेला, पहिले काही दिवस खानावळी बंद, गाड्यांना तिकीट नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बाजारात जी गर्दी उडते ती मात्र बघण्यासारखी असते.

१५. कोंबडी वडे कुठले खरे?

वड्याचं पीठ तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी असं भरड दळलेलं असतं, आणि ते आधी भिजवून ठेवावं लागतं. नुसत्या कणकेची जाड पुरी तळून वडे म्हणून देणारे खूप आहेत. फोडून बघा, आत थोडं रवाळ आणि मेथीचा किंचित कडवट वास आला तर खरा. कोंबडी गावठी हवी असेल तर सकाळीच सांगा, शिजायला वेळ लागतो आणि पैसेही जास्त लागतात. अर्ध्या तासात गावठी कोंबडी टेबलावर आली तर ती गावठी नव्हे.

१६. सोलकढी इतकी गुलाबी कशी? रंग घालतात का?

कोकम आगळाचा (मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाचा) रंग तसाच गडद असतो, नारळाच्या दुधात तो फिका गुलाबी-जांभळट होतो. एकदम झगझगीत राणी रंग दिसला तर संशय घ्यायला हरकत नाही. चांगल्या सोलकढीत लसूण-मिरचीचा हलका झणका आणि जिभेवर नारळाचा दाटपणा लागतो, पाण्यासारखी आंबट लागली तर नारळात कंजूषी केलीय. सकाळची सोलकढी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, बाटलीत भरून प्रवासाला नेऊ नका. आगळ न्या, घरी करा, बघा प्रश्न १९.

१७. बांगडा खाल्ल्यावर अंग लाल झालं, खाज सुटली. मला माशांची ॲलर्जी आहे का?

असेलही, पण दुसरी शक्यताही असते. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा झालं की शिजवून, तळून ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल, डोकं जड, खाज, धडधड, आणि अशा वेळी बरोबर तोच मासा खाल्लेल्या इतरांनाही त्रास होतो. एकट्यालाच झाला आणि दरवेळी होतो, तर ॲलर्जीचा विचार करा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला, ओठ-घसा सुजला तर वाट बघत बसू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जवळा आणि सुकट विसरू नका, ती पण कोळंबीच्याच जातीतली, आणि भाजीत लपलेली असते (प्रश्न १३).

१८. छोटे पापलेट स्वस्त मिळतात, घ्यावेत का?

नको. तळहातापेक्षा लहान पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. सिल्व्हर पापलेटला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं ते आवक घटत चालली म्हणूनच, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. छोटे मासेच खायचे असतील तर जे मुळातच छोटे असतात ते खा, प्रश्न ४ मध्ये आहेत.

१९. घरी काय न्यावं आणि ट्रेनमध्ये वास येऊ नये म्हणून काय करावं?

सुका बांगडा, सुकट, गोलमो (सुकी बारीक कोळंबी), मार्च ते मे मध्ये घेतलेले सगळ्यात छान वाळलेले असतात. हातात घेऊन बघा, लवचिक किंवा चिकट लागले तर अर्धवट सुकलेत, बुरशी येणार. वर्तमानपत्रात गुंडाळून, मग प्लास्टिक, मग घट्ट झाकणाचा डबा, आणि घरी पोचल्यावर एकदा उन्हात टाकून पुन्हा बंद. एवढं करूनही डब्यातल्या लोकांना कळणारच, कोकण रेल्वेत मात्र कोणी फारसं मनावर घेत नाही.

आगळ आणि अमृत कोकम यात गल्लत करू नका. आगळात मीठ असतं, ते सोलकढीला, आमटीला. अमृत कोकम म्हणजे साखर घातलेलं सरबत. सोलकढीत अमृत कोकम घातलेल्या एका नातेवाईकांच्या घरी मी जेवलोय, जास्त बोलत नाही. मालवणी मसाला मोठ्या ब्रँडपेक्षा बचत गटाच्या बायकांकडचा घ्या. खाजा घ्या, गुळाचा.

ताजे मासे न्यायचे तर थर्माकोलचा बॉक्स, भरपूर बर्फ, मासे साफ केलेले पण धुतलेलं पाणी पूर्ण निथळून, आणि निघायच्या दिवशीच घेतलेले. विमानाने जाणार असाल तर एअरलाइनला आधी विचारा.

२०. गोव्याला जाता जाता फक्त जेवायला थांबायचंय, मालवणपर्यंत जायलाच हवं का?

नाही. मालवण महामार्गापासून आत आहे, कुडाळहून साधारण तीस किलोमीटर, जाऊन येऊन जेवून तीन तास गेले. कणकवली आणि कुडाळ दोन्ही वाटेवर, तिथे खानावळी चांगल्या आहेत. सावंतवाडी शहर नव्या रस्त्यात बाजूला पडतं, थोडं आत वळावं लागतं, पण दुपारची वेळ जमत असेल तर वळाच. महामार्गावरच्या मोठ्या पार्किंगच्या ढाब्यांत मासे मागवू नका, तिथे चहा प्या.

२१. येणं जमत नाहीये, मुंबईत असं जेवण कुठे मिळेल?

दादरला सिंधुदुर्ग आणि गोमांतक, तिथेच मालवणच्या चैतन्यची शाखा, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक, पार्ल्याला गजाली. यातलं हायवे गोमांतक आणि दादरचं गोमांतक चवीने गोव्याकडचं, बाकी मालवणी. मुंबईत बोंबील मागवा, तो तिकडचा मासा आहे आणि मालवणपेक्षा मुंबईतच जास्त चांगला मिळतो. लालबाग-परळच्या जुन्या गिरणगावात छोट्या मालवणी खानावळी अजून आहेत, त्यांना प्रश्न २ ची परीक्षा लावा, साडेबाराच्या सुमाराला जा आणि बोर्ड वाचा.